टेपात निघालेली चरबी

“शर्ट उतार. बनियन भी.”

उधन्याचं मैदान, सकाळची वेळ. आम्ही कामगारांची पोरं उघडी, ओळीत. फौजेतून निवृत्त झालेला एक उस्ताद भरतीसाठी पोरं निवडत होता. शिबिराचा खर्च एका शेठचा. माझा बाप त्याच शेठच्या लूमवर कापड विणायचा. शेठचा मुलगाही ओळीत होता, सगळ्यात पुढे.

मला फौजेत जायचंच होतं. लूमवर मरायचं नव्हतं. पण वजन कमी पडायचं. आमच्या नवागामात त्यावर एकच उपाय: भरतीआधी केळी खायची, वर पाणी प्यायचं, काटा सरकतो. आईने पहाटेच केळी पुढ्यात ठेवली. नको नको होईस्तोवर खाल्ली.

उस्तादाने वजनकाटा आणलाच नव्हता. त्याच्याकडे टेप होता. मान मोजायची, पोट मोजायचं आणि अंगात चरबी किती ते सांगायचं. मान बारीक, पोट मोठं, की चरबी जास्त. शेठच्या मुलाची मान रेड्यासारखी. तो पास. माझी मान काडी, आणि पोट केळ्यांनी तट्ट फुगलेलं.

“देखो इस भुक्कड को. इसमें चरबी निकली.”

त्याने माझ्या पोटावर टिचक्या मारून सगळ्यांना दाखवलं. शेठचा मुलगा म्हणाला, आमच्या पैशावर माजलेत. सगळे हसले. माझ्या गल्लीतली पोरंही हसली. ते जास्त लागलं.

मग चरबी उतरवायला मला मैदानाभोवती पळवलं. फेरी मारून ओळीपाशी आलो. शेठच्या मुलाच्या बुटांवरच ओकलो. उस्तादाने माझा शर्ट माझ्या तोंडावर फेकला आणि बूट पुसायला सांगितले.

बाप रातपाळी करून थेट मैदानावर आला होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, “पुशी टाक ना भाऊ. आपलं काय जास?”

मला उस्तादापेक्षा आमचाच राग आला. आपलं काय जातं, म्हणत म्हणत जन्मभर पुसतच आलो.

“नहीं पोंछूंगा,” मी म्हणालो.

बाप गमछा काढून स्वतःच खाली बसला. मी दंड धरून त्याला उभं केलं.

फौज हातची गेली. दुसऱ्या दिवशी बापाचं काम गेलं. आई माझ्याशी कितीतरी दिवस धड बोलली नाही. पुढे बाप कडोदऱ्याला दुसऱ्या लूमवर लागला. तिथेही शेठच होता.

लोक म्हणतात, तेव्हा वाकला असतास तर फौजी झाला असतास. झालो असतो. तरी उद्या तीच वेळ आली, घरची चूल विझणार असली, तरी मी वाकणार नाही. बापाला वाकू देणार नाही. आणि ओळीतल्या आमच्या पोरांना हसूही देणार नाही.