नवं झालं का?

२०१७च्या पावसाळ्याअखेर मी एका सत्रापुरती जपानला गेले. आमच्या कृषी महाविद्यालयातून तिकडच्या विद्यापीठात एकच विद्यार्थी जायचा होता, आणि मुलाखतीत मी भाताबद्दल बोलायची थांबतच नव्हते म्हणून माझी निवड झाली असावी. थांबणार कशी? तलासरीहून आत, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. तिथे भात आणि नाचणी सोडून बोलण्यासारखं दुसरं आहे काय?

तिकडच्या वर्गात मात्र माझी वाचाच बसली. दारात बूट काढून आतल्या सपाता घालायच्या, बाई आल्या की सगळ्यांनी एकदम वाकायचं. मी कायम एक क्षण उशिरा वाकायचे. बाईंचं इंग्रजी त्यांच्या वळणाचं, माझं डहाणूच्या वसतिगृहात घोटलेलं. दोन्हींची गाठ पडता पडत नव्हती. शेजारची मुलगी पुस्तकाचं पान उलटायची तेव्हा मी उलटायचे. याचीही सवय झाली असती. पण तांदळाच्या विषयात चव ओळखण्याचं प्रात्यक्षिक सुरू झालं आणि माझी झोप उडाली.

पांढऱ्या वाट्यांत वेगवेगळ्या जातींचा गरम भात, वाटीवर नाव नाही, नुसता आकडा. एकेक घास चाखायचा, चूळ भरायची आणि वास, गोडी, चिकटपणा यांना गुण द्यायचे. म्हटलं तर मजेचं काम. पण तो भात नवा होता, नुकताच कापलेला.

आमच्याकडे नवं झाल्याशिवाय नवा दाणा तोंडात घालत नाहीत. नवं करायचं म्हणजे नवीन तांदूळ शिजवायचा, पळसाच्या पानावर पहिला वाढा कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला ठेवायचा, आणि मग घरातल्या सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायचं. त्याआधी कुणी घास घेतला तर सगळ्या घराचं नवं बाटतं. मी काही फार देवभोळी नव्हते. मातीचे नमुने तपासणारी मुलगी मी. पण चमचा ओठाशी आला की आईचा चेहरा दिसायचा. वर्षभरात गोठ्यात एखादं वासरू जरी दगावलं, तरी आई मला बोल लावणार नाही, स्वतःलाच लावील, हे मला पक्कं ठाऊक होतं. खानावळीत नव्या तांदळाची पाटी लागल्यापासून मी तिथे नुसत्या शेवया खात होते, आणि शेवयांचा मला मनस्वी कंटाळा आला होता.

पहिल्या प्रात्यक्षिकाला मी चमचा ओठाला लावून खाली ठेवला आणि प्रत्येक वाटीला मधले गुण देऊन टाकले. इतकं बावळट सोंग बाईंच्या नजरेतून सुटणार थोडंच. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"तू चाखलं नाहीस. तांदळाची ॲलर्जी आहे का?"

मी नाही म्हणून मान हलवली. नवं म्हणजे काय हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि इंग्रजीत ते इतकं खुळचट वाटलं की अर्ध्यावरच गप्प झाले. बाई चिडल्या नाहीत, तेच जास्त वाईट होतं. पुढच्या आठवड्यात चाखलं नाहीस तर हा विषय सोडावा लागेल, एवढंच त्या शांतपणे म्हणाल्या. विषय सुटला की सत्र फुकट, आणि सत्र फुकट गेलं की इकडे माझं वर्ष गेलं. पंचक्रोशीत मी परदेशी जाणारी पहिली. मी तशीच परत आल्यावर लोक बाबांना काय काय विचारतील, त्याची मी रात्रंदिवस उजळणी करत होते.

आठवडाभर मी घरी फोन लावत राहिले. आमच्या पाड्यावर रेंज नाही. बाबा टेकडीवर चढतील तेव्हाच फोन लागायचा, आणि कापणीच्या दिवसांत टेकडीवर जायला वेळ कुणाला? प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रयोगशाळेबाहेर उभी राहून शेवटचा म्हणून लावला, तर वाजला. आतून भाताचा वास येत होता. सगळं एका दमात सांगून मी विचारलं, "बाबा, आपलं नवं झालं का?"

"तो त्यांच्या शेतातला भात. आपला नाय," बाबा म्हणाले.

"पण नवा आहे ना."

माझ्या वर्गातली मुलं माझ्या बाजूने आत जात होती.

"नाय खाल्लास तर काय करतील?"

"परत पाठवतील."

"मग खा. आपलं झालं परवा."

"माझ्याशिवाय?"

"भात काय कुणासाठी थांबतो? तू बिनघोर खा, पोरी."

राग आला मला. माझ्यावाचून पंगत बसली म्हणून डोळ्यांत पाणीच आलं. त्याच रागात मी आत गेले आणि प्रत्येक वाटीतला घास नीट चावून खाल्ला. जिभेला कुठे काय लागतंय ते सगळं कळत होतं. त्या दिवशी वर्गात सगळ्यात बारीक फरक मी ओळखले. बाईंनी माझा कागद सगळ्यांना दाखवला, आणि त्यानंतर मी वर्गात बोलू लागले. सत्र पार पडलं.

होळीच्या आधी परत आले. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडले, तलासरीच्या नाक्यावर उतरले, तिथून जीपने घरी. पाणी पिऊन होत नाही तोच आई कणगीजवळ गेली. भाताने भरलेल्या त्या उंच टोपल्याचं शेणाने लिंपलेलं तोंड जसंच्या तसं होतं.

"आता आलीस, आता नवं करू," आई म्हणाली. "घरातलं माणूस बाहेर असताना कसं करायचं? रेशनचा तांदूळ खाऊन जीव विटला बघ."

मी बाबांकडे पाहिलं. ते पळसाची पानं पुसत होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले आणि हळूच म्हटलं, "तुम्ही तर झालं म्हणाला होता."

"कणसरीला त्याच दिवशी सांगितलाय मी," ते पानावरची नजर न उचलता म्हणाले. "पोरीचं काय नाय, जे हाय ते माझ्यावर. तुझ्या आयशीला बोलू नको."

आईने देवीचा वाढा ठेवला आणि आमची पानं वाढली. वाफाळता लालसर भात, घरचा. बाबांनी आपल्या पानावरचा भात उचलून माझ्या पानात घातला आणि आईकडे नाचणीची भाकरी मागितली. पोट बरं नाही म्हणाले. भातापुरतं ते पोट पुढचं नवं होईपर्यंत बरं झालं नाही.