बरणीतल्या विजेचं वजन

मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? माणसाच्या बोलण्यावर का तराजूच्या काट्यावर? मी काट्यावर ठेवला, आणि अशी फजिती झाली म्हणता!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तुळजापुरात माझं किराणा दुकान. शाळा चौथीपर्यंतच, पण पुड्या बांधायची रद्दी वाचून वाचून मी स्वतःला पंडित समजायला लागलो होतो.

एका कोरड्या दुपारी शाळेतले मास्तर काचेची बरणी घेऊन आले. आतून-बाहेरून चंदेरी पत्रा चिकटवलेला, आतल्या पत्र्याला जोडलेली पितळी गोटी झाकणातून वर आलेली.

"अप्पा, हिच्यात वीज भरून ठेवता येते."

"भरून? मग आधी रिकामी तोलू, मग भरलेली. वजन वाढलं न्हाय, तर भर बाजारात कान धरायचे!"

"आणि वीज निघाली तर?"

"तर मी धरीन!"

झालं, गर्दी जमली. रिकाम्या बरणीचं वजन भरलं सव्वा शेर. मग मास्तरांनी ती हातात धरून, काचेची नळी रेशमी रुमालानं घासून घासून वीस वेळा गोटीला लावली. पुन्हा पारड्यात. काटा तसूभर हलेल तर शपथ!

"धरा कान, मास्तर!"

"अप्पा, ही वीज तराजूला कळत न्हाय. आतल्या पत्र्यावर एका तऱ्हेची, बाहेरच्यावर दुसऱ्या, मधी काच आडवी. दोघींना वाट मिळाली की धावल्याच! गोटीला हात लावू नका."

"रिकाम्या बरणीला भ्यायचं? मी?"

आता माझी अक्कल बघा. बाहेरचा पत्रा पितळी पारड्याला टेकलेला. पारडं लोखंडी साखळ्यांना, साखळ्या दांडीला, अन् दांडीची कडी माझ्या डाव्या हातात! अर्धी वाट मीच बांधलेली. उरलेली उजव्या बोटानं पुरी केली.

फट्!

दोन्ही कोपरांवर सोटा बसल्यागत झालं. तराजू हातातून उडाला. बरणी मास्तरांनी वरच्यावर झेलली. माल ठेवायचं पारडं मात्र लोकांपुढं उलटं पडलं, आणि त्याच्या बुडाला चिंच चिकटवलेली! माल कमी घालूनही काटा भरावा म्हणून, दुसरं काय.

जळकोटहून बाजाराला येणारी, माझ्याकडूनच डाळ नेणारी एक मावशी वाकली. चिंच उचलून म्हणाली, "अप्पा, विजेला वजन न्हाय व्हय? हिला लई हाय की!"

धरले कान. दोन्ही.

तर मंडळी, हे कुठं सांगाल तर एक मेहरबानी करा, हिशोब चोख ठेवा. चिंच होती दोन तोळे. लोक पाव शेर सांगत फिरतात. इतकी लबाडी बरी न्हाय!