नऊ नंबरचं दही

आमच्या नऊ नंबरनं गेल्या कित्येक वर्षांत बॅग रिकामी केली नव्हती. म्हणजे ती बॅग उघडायची, टी-शर्ट काढायची, घालायची, धुवायची आणि घडी करून परत बॅगेतच ठेवायची. इथे अमेरिकेत, शॉमबर्गच्या आमच्या बेसमेंटमध्ये मी तिच्यासाठी चांगलं भिंतभर कपाट मोकळं करून दिलं होतं. त्यात दिवाळीच्या माळा, जुने हीटर आणि माझ्या नवऱ्यानं, सुहासनं, मोठ्या हौसेनं घेतलेला, कधीही न उभारलेला तंबू असा संसार होता. तो सगळा गराजमध्ये हलवताना माझी कंबर गेली. आणि बाईसाहेबांनी त्या कपाटाचं दारसुद्धा उघडलं नाही. शेवटी मी विचारलंच. तर म्हणाली, "मेधा, मी ज्या ज्या गावात कपाट लावलं, तिथून पुढच्याच वर्षी मला काढलं. आता मी कपाटाच्या वाटेलाच जात नाही."

ती मूळची इंग्लंडची, उत्तरेकडच्या कुठल्याशा सदा भिजलेल्या गावातली. फुटबॉलमधली स्ट्रायकर, म्हणजे पुढे उभं राहून गोल करणं हेच जिचं काम. पाठीवर नऊ आकडा, म्हणून आमच्या घरात ती नऊ नंबर. आइसलँड, स्वीडन, इटली, सायप्रस, ऑस्ट्रेलिया असं करत करत आमच्याजवळच्या एका छोट्या व्यावसायिक टीममध्ये आली होती. अशा टीमच्या खेळाडूंना इथे लोकांच्या घरी ठेवतात. आमची लेक रेवा जिथे खेळायला जाते तिथून ईमेल आली, आणि माझ्या नवऱ्यानं मला न विचारता "आवडेल आम्हाला" असं उत्तर ठोकून दिलं. नवरा पुण्याचा, पण पाहुणचाराचा उत्साह बघा! मी नागपूरची असून मलाच घाम फुटला.

पण ती पहिल्या आठवड्यातच घरची झाली. तिची पद्धत अशी, की नव्या देशात गेलं की आधी तिथल्या भाषेत "इकडे दे" शिकून घ्यायचं. "मैदानावर तेवढं पुरतं," ती म्हणायची. "बाकीचं हातवाऱ्यांवर भागतं." मराठीतलंही तिनं तेवढंच शिकून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर त्याचा जो वापर केला, की ज्याचं नाव ते! बटाट्याच्या भाजीचा वाडगा कोणी हातात घेतला रे घेतला, की पलीकडून आरोळी यायची, "इकडे दे!" सुहास दचकून वाडगा सोडून द्यायचा. कोणी "सॉकर" म्हटलं तर मात्र ती काही बोलायची नाही. तो माणूस स्वतःहून "फुटबॉल" म्हणेपर्यंत त्याच्याकडे नुसती बघत राहायची. आमच्या गल्लीतले दोन-तीन अमेरिकन तिनं याच पद्धतीनं सुधारले.

रेवाला तर तिनं खिशातच घातलं होतं. एकदा रेवाचा अगदी समोरचा सोपा गोल हुकला. पोरगी गाडीत बसून ढसाढसा रडायला लागली, "आय वॉन्ट टु क्विट." मी आपली समजूत घालतेय, आइस्क्रीमचं आमिष दाखवतेय. नऊ नंबरनं पुढच्या सीटवरून मागे वळून विचारलं, "हुकला? छान. म्हणजे तू तिथे होतीस. बाकीच्या दहा जणींचा का नाही हुकला? कारण त्या तिथे नव्हत्याच." रेवा रडायची थांबली. पुढे म्हणते, "स्ट्रायकर म्हणजे काय माहितेय? चुकायची लाज सोडलेली बाई." हे वाक्य मी ऑफिसात किती वेळा वापरलंय म्हणून सांगू! सॉफ्टवेअर कोसळलं, सगळे माना खाली घालून बसले, की मी म्हणते, आपण तिथे होतो म्हणून चुकलो.

पण स्वतः तिचंच तेव्हा काही खरं नव्हतं. एप्रिलपासून तिच्या नावावर एकही गोल नव्हता. वय चौतिशीच्या पुढे, गुडघ्यावर शिवणकाम झालेलं. टीमच्या लोकांनी सांगितलं होतं, सीझन संपेपर्यंत गोल दिसले तर दोन वर्षांचा करार, नाही तर राम राम. तिला आजवर कोणी दोन वर्षांचा करार दिलाच नव्हता. सगळीकडे एकेक वर्ष. "एका गावातला हिवाळा मला दुसऱ्यांदा बघायचाय," ती एकदा मला म्हणाली. "हाच बर्फ, हाच दुकानदार, हाच रस्ता. बस." एवढंच मागत होती बिचारी. माझा जीव तुटला.

मे महिन्यात माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या, सहा महिन्यांसाठी. येताना त्यांनी स्वतःचं विरजण आणलं होतं. दह्यात भिजवून, उन्हात कडक वाळवलेला मलमलचा तुकडा. इथलं दुकानातलं दही म्हणजे त्यांच्या मते खळ; पोस्टर चिकटवायला चांगली. आल्या दिवशी त्यांनी तो तुकडा कोमट दुधात सोडला आणि दोन-तीन वेळा लावून घरात खरं दही सुरू केलं. मग त्यांचं लक्ष नऊ नंबरकडे गेलं. ती मॅचला निघाली होती, बूट खांद्यावर टाकून. "अगं, रिकाम्या हातानं कुठे निघाली ही?" म्हणून आईंनी तिला दारातच थांबवली, तळहातावर दही-साखर घातली आणि खुणेनं सांगितलं, खा. आणि आता मागे वळून बघायचं नाही. तिनं मुकाट्यानं खाल्लं, हात चाटला आणि गेली.

त्या दिवशी तिनं गोल केला. झालं! तेव्हापासून दह्याशिवाय बाईचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. मॅचच्या दिवशी दारात हात पुढे करून उभी. "आई, दही." हो, आईच म्हणायची. मी म्हणते, सुहास म्हणतो, म्हणून तिलाही वाटलं की या बाईंचं नावच ते. आईंनाही ते इतकं आवडलं की त्यांनी माझ्या हातातली साखरेची बरणी काढून घेतली. "तू नको घालूस, तू हात आखडता घेतेस," मला म्हणाल्या. घ्या!

मग ऑगस्टमध्ये तो प्रकार झाला. मी आईंना घेऊन दुकानात गेले होते, आणि दही द्यायची कामगिरी सुहासवर. आता आपल्या घरांतले फ्रीज तुम्हाला माहीत आहेत. दह्याचा डबा म्हणून दिसतो त्यात दही सोडून सगळं असतं. एकात डाळ, एकात चिरलेला कोबी, एकात गेल्या रविवारचा रस्सा. सुहासनं पहिला पांढरा डबा उघडला, आत पांढरं बघितलं आणि घातलं चमचाभर तिच्या हातावर, वर साखर. ते होतं इडलीचं पीठ! चांगलं फुगून आलेलं, मीठ घातलेलं. तिनं खाल्लं, तोंड जरा वाकडं केलं आणि निघून गेली. संध्याकाळी मी डबा उघडला आणि कपाळाला हात लावला. सुहास घाबरून फोनवर स्कोअर बघत बसला. मॅच संपली, तर बाईंचे दोन गोल!

आईंना कसं सांगायचं हा प्रश्नच होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पीठ आंबलं होतं ना नीट?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग झालं तर," म्हणाल्या आणि उठून गेल्या. नऊ नंबर तर हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. नंतर मला म्हणाली, "मेधा, दह्यात काही नाही हे मला माहीत आहे गं. पण इतकी वर्षं मी मॅचला निघताना नुसती किल्ली फिरवून दार लावून घेत आले. आता कोणीतरी दारात उभं असतं."

सीझन संपला तेव्हा तिचे गोल चांगले झाले होते. शेवटच्या मॅचलाही एक केला. आम्ही सगळे स्टँडमध्ये, आई शाल गुंडाळून "इकडे दे, इकडे दे" ओरडतायत. मला वाटलं, आता कराराचं नक्की. दोन दिवसांनी ती दुपारीच घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. तिच्या जागी त्यांनी एक तरुण मुलगी घेतली होती. "चांगली आहे ती," म्हणाली. "वेगवान आहे." आणि हसली. मला त्या लोकांचा असा संताप आला! आई तर इंग्रजीत कडाडल्या, "बट शी डिड द गोल्स!" जसं काही टीमचा मॅनेजर आमच्या सिंकपाशीच उभा होता.

मग आईंनी पातेलं काढलं. सांत्वन वगैरे त्यांना जमत नाही, काम जमतं. "ये इकडे," म्हणाल्या, "विरजण लावायला शिक." दूध कोमट करून तिची करंगळी त्यात बुडवायला लावली. जास्त गरम नको, गार नको, करंगळीला बरं वाटेल असं. मग चमचाभर दही, झाकण, आणि ते उबेला ठेवून द्यायचं. मी मधे बसून दोघींना एकमेकींचं सांगत होते. "आता हलवायचं नाही," आई म्हणाल्या. "भांडं उचलून बघायचं नाही. आणि हे बघ, दही लावलं की माणसाला दुसऱ्या दिवशी घरी असावं लागतं. नाही तर ते आंबून वाया जातं." मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा ती झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

त्या आठवड्यात आधी आई गेल्या, मग ती. आईंनी जायच्या आधी तिच्यासाठी मलमलचा एक नवा तुकडा वाळवून ठेवला होता. तिनं तो नेहमीच्या सवयीनं बुटात खुपसला, आणि मी किंचाळले. अगं, दही, बुटात? शेवटी तो एका स्वच्छ पिशवीत घालून पासपोर्टच्या पाकिटात गेला. दारात तिनं हात पुढे केला. मी दही घातलं, साखर घातली, आणि मुद्दाम भरपूर घातली. रेवा मला चिकटून रडत होती आणि "आय ॲम नॉट क्राइंग" म्हणत होती. नऊ नंबरनं हात चाटला आणि निघाली. मागे वळायचं नाही हा नियम तिनं गाडीपर्यंत पाळला. मग मोडला, परत आली आणि आम्हा दोघींना एकदमच मिठीत घेतलं. मीही रडले, लपवू कशाला.

त्यानंतर बरेच दिवस तिचे नुसते चेंडूचे आणि बर्फाचे फोटो यायचे. नॉर्वेतल्या एका लहानशा गावानं तिला घेतलं होतं. स्वतः खेळायचं आणि शाळेतल्या मुलींना शिकवायचं. एक दिवस सकाळी फोन, आवाजात घोर संकट. "मेधा, लागत नाहीये! पाणीच राहतंय!" मी विचारलं, काय लागत नाहीये? तर दही. म्हटलं, अगं वेडे, थंडी आहे तुझ्याकडे. ओव्हनमध्ये ठेव, ओव्हन चालू करू नकोस, फक्त आतला दिवा लाव. आम्ही सगळे इथे हिवाळ्यात हेच करतो.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल. मी इकडे, आई पुण्याहून. तिनं पातेलं कॅमेऱ्यासमोर धरलं आणि चक्क तिरकं केलं. दही जागचं हललं नाही. "जरा आंबट असेल," आई बघूनच म्हणाल्या, म्हणजे पुणेरी कौतुक झालं. रेवा मागून ओरडली, "इकडे दे!" मी मात्र तिच्या मागे बघत होते. मागे एक लाकडी कपाट होतं, दार अर्धवट उघडं, आत टी-शर्ट हँगरला टांगलेले. आणि कपाटाच्या वर तिची ती निळी बॅग आडवी पडली होती, चपटी, रिकामी.

"अगं," मी म्हटलं, "तुझी बॅग?"

तिनं वळून कपाटाकडे पाहिलं आणि परत आमच्याकडे.

"दही लावते ना आता," ती म्हणाली. "उद्या घरी असायला नको?"