तुलारामबाबांनी आणलेली मातामाय

तुलारामबाबा चिचटोलीचे कोतवाल. चिचटोली म्हणजे कारध्याच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठची एकोणतीस घरांची वस्ती. धरणाच्या पाण्यात ती गेली त्याला पंधरा वर्षं झाली, तरी आम्ही त्यांना कोतवालच म्हणतो. कोणाच्या धानाच्या बांधीची हद्द, तिचा धुरा, कुठून कुठे जातो, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. सगळ्या बांध्या पाण्याखाली गेल्यावर आता त्यांना विचारतो कोण?

वस्ती उठली त्या दिवशी सामान ट्रॅक्टरवर चढलं, माणसं चढली, आणि मग वस्तीतल्या थोरल्या सत्यभामाबाईंना आठवलं की मातामाय, आमची गावदेवी, मागेच राहिली. आमच्यात गाव वसवायचं तर आधी मातामाय बसवतात, मग चुली पेटतात. इतकी मोठी गोष्ट आम्ही विसरलो, याची लाज मला अजून वाटते. सगळ्यांनी कोतवालांना परत पाठवलं. दोन तासांनी ते पोत्यात शेंदूर माखलेला दगड घेऊन आले. नव्या वसाहतीत तो कडुनिंबाखाली बसला. तेव्हापासून लग्न असो की धानाची रोवणी, आधी त्याच्या पाया पडायचं.

मागच्या महिन्यात तिथे देऊळ बांधायचं ठरलं, म्हणून बैठक होती. मी वरठीच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून तसाच येऊन बसलो होतो. बाबा उठले.

"मी खोटा आहो गा," ते म्हणाले. "तो दगड मातामायचा नाही. तिच्या चौथऱ्यावर छातीभर पाणी चढलं होतं. मले पोहता येत नाही. भेव लागला. रिकाम्या हातानं कसा येऊ? वरतं शिवेचा दगड होता, पोळ्याले आपण शेंदूर लावत होतो ना त्याले, तोच उपटून आणला. माय तिथंच बुडाली."

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी त्यांची सून तापानं गेली होती. तेव्हा हा माणूस महिनाभर कोणाशी बोलला नव्हता. माय सोबत नाही म्हणूनच ती गेली असं धरून त्या मरणाचं ओझंही त्यांनी स्वतःच्याच डोक्यावर घेतलं होतं, हे मला आत्ता कळलं. पंधरा वर्षं हे गिळून ते रोज त्याच दगडाला पाणी घालत राहिले. मला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही, नुसतं थकल्यासारखं झालं.

देवळाच्या समितीचा निकेश वस्ती उठली तेव्हा पाच वर्षांचा होता. मोबाईलमधून मान वर करून तो चांगल्या मनानंच म्हणाला, "बाबा, टेन्शन नका घेऊ. नागपूरवरून संगमरवराची मूर्ती येऊन राहिली. हा दगड तसाही बाजूलेच ठेवणार होतो."

दोघंचौघं हसले. चहा आला.

बाबा उभेच. ते शिव्या खायला आले होते, आणि त्यांना कोणी एक शिवीसुद्धा देईना. तेव्हा कोपऱ्यातून सत्यभामाबाई उठल्या. ऐंशीच्या घरातली बाई, भिंत धरत धरत त्यांच्यापर्यंत गेली.

"तुलाराम, एकटीले सोडून आला रे तिले?" असं म्हणून त्या दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारू लागल्या. "पंधरा वर्सं मी इथं हाका मारून राहिली, अन् माय तिथं पाण्यात!"

बाबांनी हात आडवा केला नाही. ते रडत होते आणि म्हणत होते, "मार बाई, आणखी मार."