बुधवारचा देव

माझं अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनाच्याही चुका असतील, माफी असावी. पंचवटीच्या बाजारात मेथी विकणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. मन उदास झाल्यापासून मला अन्न जात नव्हतं. दुपारी भाजीला गेले की ती भाकरीचा पापुद्रा सोलून पुढे धरायची. मी म्हणायचे, "उपवास आहे."

एका बुधवारी तिने माझं मनगटच धरलं. "सोमवारी महादेव, मंगळवारी गणपती. आज कोणता देव गं बाई? मीबी असंच खोटं बोलायचे. भूक मेली व्हती माझी. लाजू नको, दोन घास गिळ."

मी हादरलेच. घरात कुणालाच कळलं नव्हतं. चव लागली नाही, पण दोन्ही घास खाली उतरले.