वाघाचा मेसेज वाचणारा फोन

मंडळी, आज शेवंताबाई माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आल्या. त्या पहाटे जंगलात मोहफुलं वेचतात. वाघ कुठे दिसला ते गावाच्या ग्रुपवर येतं, पण बाईंना वाचता येत नाही.

"शोरूमवाला म्हणे, हा फोन वाचून दाखवत नाई, नवा घ्या."

डोंबलाचा नवा! मेसेज मोठ्यानं वाचणारं फुकटचं ॲप टाकलं, आवाज मराठी केला. पाच मिनिटांचं काम. टायवाल्या दीडशहाण्याला एवढंही येत नाही, की सांगायचं नाही?

मग सकाळचाच मेसेज लावला. फोन बोलला, "तलावाजवळ वाघ आहे. कोणी जाऊ नये."

बाई म्हणाल्या, "भाऊ, मी तिथीच येचून राह्यली होती ना!"

त्या शोरूमवाल्याला कोणी ओळखतं का? त्याला वाचता येतं, तरी हे मोठ्यानं वाचून दाखवा.