नाकाशी धरलेला कापूस

मालीशवाली मावशी आली की आधी बाळाकडे बघायचीच नाही. दारात चपला काढायची आणि मला विचारायची, “तू जेवली का?” बाळ रडत असलं तरी माझं उत्तर मिळेपर्यंत ती तेलाच्या वाटीला हात लावत नसे. सासूबाईंना ते खटकायचं. आलेलं माणूस आधी बाळाचं तोंड बघतं, असं त्या म्हणत.

मावशी राजघाटाकडून चालत यायची. तिच्या हातांना लसूण घालून कढवलेल्या तेलाचा वास असायचा. मी कोणाशी फार बोलत नसे, पण तिला खोटं सांगवत नसे.

माझी लेक पूजा जन्मली तेव्हा माझ्या मनात एकच भीती बसली होती, हिचा श्वास थांबेल. पोटात असतानाही ती जरा हलली नाही की मी गूळ खाऊन वाट बघत बसायचे. आता मी कापसाची बारीक तार तिच्या नाकाशी धरायचे. तार हलली की जीवात जीव यायचा, आणि लगेच वाटायचं, पुन्हा बघावं. शेतातला कापूस घरात होताच. त्याचा पुंजका मी उशीखाली ठेवला होता. जेवण सुटलं, झोप गेली.

एके दिवशी ती तार पूजाच्या तोंडात गेली आणि तिला ठसका लागला. सासूबाईंनी बोटाने ती काढली आणि ठरवून टाकलं, सव्वा महिना होईपर्यंत बाळ इच्छापुरला नणंदेकडे राहील. नणंदेचं बाळही अंगावर पीत होतं, म्हणजे दुधाचा प्रश्न नव्हता. मनातलं बोलून दाखवायला मला जमत नाही.

मावशीने मालीश करता करता माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मग उशीखालचा कापूस काढला, तार ओढली आणि माझ्याच नाकाशी धरली. तार हलेना.

“पोरीचा मस्त चालू आहे, बेटा,” ती म्हणाली. “तूच श्वास रोखून बसलीस.”

सासूबाईंकडे तिने आठ दिवस मागितले. आठ दिवसांत तू काय करणार, असं त्यांनी विचारल्यावर म्हणाली, “बसेन.”

तेव्हापासून बाळाची अंघोळ झाली तरी ती घरी जायची नाही. बाजेजवळ बसून कापूस हातात घ्यायची. “तू सो जा. मी धरते.” पहिल्या दिवशी मी एक डोळा उघडा ठेवून बघितलं. ती खरंच धरून बसली होती. एक हात अवघडला की दुसऱ्या हाताने धरायची. चौथ्या दिवशी मला झोप लागली. उठले तर ताट झाकून ठेवलेलं. आठव्या दिवशी कापसाची आठवणच झाली नाही. इच्छापुरची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढे तिची बोटं आखडली आणि ती लेकीकडे भुसावळला गेली. निघताना भेटायला आली. मी चहा केला, बागेतल्या केळ्यांची फणी दिली, पण मनातलं काही बाहेर आलं नाही. वर्षभरात ती वारल्याचं कळलं. अजून सकाळी कडी वाजली की माझं लक्ष आधी दारातल्या चपलांकडे जातं.

आता पूजा बाळंतपणाला आली आहे. बाळ झोपलं की ती मोबाईलची काच त्याच्या नाकाशी धरते आणि वाफ धरली का बघते. दिवसभर तेच. काल मी तिच्याजवळ जाऊन बसले. मग विचारलं, “जेवलीस का?”

ती रडायला लागली. मी तिच्या हातातून मोबाईल घेतला आणि बाळाच्या नाकाशी धरला. म्हटलं, “तू झोप. मी धरते.”

बराच वेळ तिचा एक डोळा उघडा होता.